लुसाकाला उतरताना

वजनकाट्यावर भरलेला ट्रक चढला की काट्याच्या खोलीची जमीन जराशी खचल्यासारखी होते. गर्शोम चितुंडूच्या पायांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की एरवी त्याला ते जाणवतसुद्धा नसे. पण त्या शुक्रवारी दुपारी चुन्याचा ट्रक चढला, पडद्यावरचे आकडे वर सरकत सरकत स्थिरावायला लागले आणि नेमका तेव्हाच टेबलावरचा मोबाइल थरथरला. काचेवरची पांढरी धूळ बोटाने पुसून त्याने वाचलं. घरी बसून विमानं उडवणाऱ्या त्याच्या मंडळाचा निरोप होता. ‘या महिन्यातलं सर्वांत सुरेख लँडिंग : गर्शोम, न्दोला. लुसाका, धावपट्टी दहा.’ खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांची रांग. हरारेचे हात, डर्बनचे हात, ज्यांचं तोंड त्याने कधी पाहिलं नव्हतं अशा माणसांचे हात. शेजारच्या खुर्चीवरचा वेबी मान लांब करून डोकावला आणि ओरडलाच, "अरे कॅप्टन! तू तर गाजलास की! आमच्या ड्रायव्हरांना दिवसाढवळ्या काट्यावर ट्रक सरळ लावता येत नाही, आणि हा गडी घरात चड्डीवर बसून लुसाकाला विमान उतरवतो!" ट्रकच्या खिडकीतून ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "बॉस, आधी माझं वजन सांगा. मलाही उडायचंच आहे, पण रस्त्यावरून." दोघं खदाखदा हसले. गर्शोमही हसला. हसताना कानाच्या पाळ्या तापल्या आणि भर बाजारात कुणी थोबाडीत मारावी तसा गाल हुळहुळला. ते लँडिंग. कुठला शनिवार हे त्याला आठवावं लागलं नाही. आजवर एकही दिवस असा गेला नव्हता की त्याला तो शनिवार आठवला नाही. पण ते दुःख कसं, आपल्याच घरात, आपल्याच चार भिंतींत पुरून ठेवल्यासारखं होतं. आता त्याच्यावर लोक टाळ्या वाजवत होते.

मिनीबसमध्ये त्याला मागची जागा मिळाली. कंडक्टर दारात लोंबकळून ‘मासाला, मासाला’ असं वस्तीचं नाव ओरडत होता, बायकांच्या मांडीवर कोबीचे गड्डे आणि सुक्या काप्येन्ता मासळीच्या पिशव्या होत्या, ऑक्टोबरची काहिली पत्र्यातून खाली उतरत होती. गर्शोमने मोबाइल खिशात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. निरोप पुसून टाकावा असं वाटलं. पण आपण पुसला म्हणून डर्बनच्या माणसाच्या मोबाइलवरून तो थोडाच जाणार होता? आणि आणखी एक वाटलं, जे वाटल्याबरोबर त्याने मान खाली घातली, जणू शेजारची बाई ते वाचू शकली असती. वाटलं की लँडिंग खरंच सुरेख होतं. वारा डावीकडून होता, नाक वाऱ्यात थोडं वळवून ठेवलेलं, धावपट्टी अगदी अंगावर आल्यावर त्याने पायाने ते सरळ केलं, आणि चाकं टेकली ती अशी की टेकल्याचं विमानालासुद्धा उशिरा कळावं. एवढं सगळं झाल्यावरही त्याच्या आतला एक हलकट कोपरा त्या उतरण्यावर खूश होता. त्या कोपऱ्याची त्याला जितकी लाज वाटे तितकी बाकी कशाची वाटत नसे.

विमानाचं वेड तातांनी लावलं होतं. ताता, म्हणजे त्याचे वडील, सुतार होते आणि चर्चचे गीत धरणारे होते. रविवारी उपासना संपली की ते लहानग्या गर्शोमला सायकलच्या दांड्यावर बसवून जुन्या विमानतळाच्या तारेपाशी नेत. खाऱ्या शेंगांचा पुडा घेत आणि दोघं तारेला नाक लावून बसत. "बघ, बघ," ताता म्हणत, "एवढं मोठं धूड, पण जमिनीपाशी आलं की कसं नमतं. वाकून येतं बघ, सुनेसारखं." मोठेपणी गर्शोमला पायलट काही होता आलं नाही, चुन्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर तो लागला, पण जुना कॉम्प्युटर आणि दोन पडदे जमवून त्याने मागच्या खोलीत सिम्युलेटर मांडला, तेव्हा ताताच हातोडी घेऊन आले. प्लायवूडची चौकट त्यांनी केली, खुर्चीला पाट ठोकले, आणि इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा बाभळीच्या लाकडाचा तासून, तेल पाजून, हातात बसेल असा करून दिला. "ढगावर गेलास की मला हाक मार," ते म्हणाले होते. "आपल्या चर्चचं छप्पर वरून गळतं का ते बघायचंय."

त्यांची गाणी! पाळक शास्त्रातलं वाक्य वाचत आणि ताता ते वाक्य जमिनीवरून उचलून सुरात ठेवत. मंडळी ते झेलत. मग ताता गाणं अर्ध्यात सोडून गोष्ट सांगायला लागत, आणि गोष्ट अगदी गळ्याशी आली की पुन्हा गाण्यात शिरत, आणि बायकांच्या डोळ्यांना पदर लागत. लुआपुला नदीवरच्या नावाड्याची त्यांची एक गोष्ट होती. पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारतंय आणि हा इकडे मासळी भाजत बसलाय. ‘आलो, आलो, थांब जरा!’ हे मंडळीने म्हणायचं. ताता पलीकडची हाक गात, दर वेळी थोडी क्षीण, आणि मंडळी हसत हसत उत्तर देई, ‘आलो, आलो, थांब जरा!’ शेवटी नावाडी पलीकडे पोचतो तेव्हा वाळूवर नुसती पावलं असतात, आणि तोवर हसणाऱ्या मंडळीच्या लक्षात येतं की आपण इतका वेळ कुणाच्या बाजूने गात होतो. गर्शोम लहानपणी सर्वांत मोठ्याने ओरडायचा. त्याला ते ‘थांब जरा’ फार आवडायचं.

त्या शनिवारी मंडळाचा मोठा दिवस होता. एरवी पडद्यावरच्या आकाशात तो एकटाच उडे. पण महिना-दोन महिन्यांतून एकदा दक्षिणेकडची सगळी हौशी माणसं इंटरनेटवरून एकाच आकाशात येत, आणि डर्बनची थांडेका नावाची मुलगी कानात बोलून लुसाकाची विमानं एकामागून एक उतरवी. खरीखुरी शिस्त. आपली पाळी आली की यायचं, मागे दुसरा असतो, त्याच्या मागे तिसरा, आणि मधेच आपलं विमान थांबवून ठेवायचं नाही. घरी एकट्याने उडवताना एक बटण दाबलं की सगळं आकाश जागच्या जागी गोठतं, दाण्याचा घास तोंडात टाकून पुन्हा सुरू करता येतं. पण त्या दिवशी ते चालत नाही. मात्र एक गोष्ट कधीही, कुणालाही करता येते. उतरणं जमत नाहीसं वाटलं, किंवा नुसतं मनात आलं, तरी ‘गो-अराउंड’ एवढं म्हणायचं, दांडा पुढे ढकलायचा आणि न टेकता पुन्हा वर उठायचं. कुणी का म्हणून विचारत नाही. नवख्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की वर उठण्यात कमीपणा नाही. पण मागच्या खेपेला गर्शोम दोनदा वर उठला होता आणि जोहान्सबर्गचा कुणीतरी सगळ्यांच्या कानात म्हणाला होता, "न्दोलाचे पाहुणे दारातूनच परत जातात वाटतं! चहा नको का?" लोक हसले होते. थांडेकाही हसली होती. ते हसू त्याने घरी आणून जपून ठेवलं होतं.

वीज त्या दिवशी दुपारी आली होती. लुबूतो, त्याची मुलगी, मामाकडे गेली होती. ताता अंघोळीला गेले होते. विमान लुसाकाच्या बाहेर वळलं, समोर धावपट्टी राखाडी काडीसारखी उभी राहिली, आणि कासोन्दे दारात आली. कासोन्दे त्याची बायको. ती त्याला ‘बाशी-लुबूतो’ म्हणे, लुबूतोचा बाप, आणि तो तिला ‘बाना-लुबूतो’, लुबूतोची आई.

"बाशी-लुबूतो, ताता हाक मारताहेत."

"आलो, आलो."

"न्हाणीतून हाक मारताहेत. आवाज बरा नाही वाटत."

"अगं, उतरतोय ना. एवढं उतरू दे."

ती गेली. हजार फूट. थांडेकाने वारा सांगितला, उतरायची परवानगी दिली. ती परत आली. "आत काहीतरी पडलं. मी बाहेरून हाक मारली, उत्तर नाही. मला आत जाता येत नाही, तुम्ही उठा." तिचं खरं होतं. त्यांच्यात सुनेने सासऱ्याच्या न्हाणीच्या उंबऱ्याला पायसुद्धा लावायचा नाही; त्यांच्या पुढ्यात ताट ठेवायचं तेसुद्धा गुडघे टेकून, नजर जमिनीवर ठेवून. एवढ्या आठ-दहा घरांच्या गल्लीत त्या घटकेला त्या न्हाणीत जाऊ शकणारा एकच माणूस होता. आणि तो म्हणाला, अगदी हळू, कारण कानावरच्या यंत्राचा माइक उघडा राहील की काय ही भीती होती, तो म्हणाला, "मागे लोक आहेत गं."

मागे लोक आहेत. पुढे कितीतरी दिवस हे तीन शब्द त्याने तोंडात घोळवले, आणि दर वेळी लाजेने त्याचे पाय गार पडत. मागे कोण होतं? एक हरारेचा दंतवैद्य आणि एक शाळकरी पोर, आपापल्या घरी, आपापल्या पडद्यासमोर, थंड सरबत पीत. त्यांच्या विमानांत एक माणूस नव्हता. त्याच्या स्वतःच्या विमानात एक माणूस नव्हता. पाचशे फुटांवर त्याचा हात त्या बाभळीच्या दांड्यावर होता. एक शब्द बोलायचा, दांडा ढकलायचा आणि उठायचं. एवढंच. तिसऱ्यांदा ती दारात आली तेव्हा बोललीच नाही. त्याने मान वळवली नाही, पण ती उभी आहे हे त्याला पाठीला कळलं, आणि मग ती नाही हेही कळलं. चाकं टेकली. "सुरेख, न्दोला," थांडेका म्हणाली. "फार सुरेख."

तो धावत गेला तेव्हा न्हाणीचं दार उघडं होतं. कासोन्दे ओल्या फरशीवर बसली होती. कमरेला गुंडाळलेलं कापड, चितेंगे, सोडून तिने तातांना गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलं होतं, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि स्वतः नुसत्या परकराने बसली होती. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. आत येतानाही ते मिटलेलेच असणार, कारण तिच्या कपाळावर दाराच्या कडेचा वळ उठला होता. तातांचे डोळे मात्र उघडे होते. ते छताकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडाची उजवी बाजू पाण्यात भिजलेल्या कागदासारखी ओघळली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडल्यावर किती वेळाने कळलं?" आणि गर्शोम म्हणाला, "लगेच. हाक ऐकली तसा धावलो." खोटं असं काही ठरवून बोलावं लागलं नाही, ते तोंडातच तयार होतं. मागे कासोन्दे उभी होती. तिने खाली बघितलं. रात्री सगळे नातेवाईक जमले, चर्चची वडीलधारी मंडळी आली, तेव्हाही तेच झालं. "मुलगा असावा तर असा," बायका म्हणाल्या. "देवाने वेळेवर कान दिला." त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, तुझ्या अब्रूसाठी बोललो. तू आत गेलीस हे कळलं तर लोक काय म्हणतील, तातांना तरी तोंड दाखवायला जागा राहील का? आणि हे खरंही होतं, हाच तर त्यातला घाणेरडा भाग होता. आपली लाज त्याने तिच्या पदराखाली लपवली होती, आणि वर तिलाच सांगत होता की पदर नीट घे. त्या दिवसापासून तातांनी सुनेकडे एकदाही बघितलं नव्हतं, आणि ती त्यांच्यासमोर ताट ठेवून अशी परत फिरे की वाटावं, घरात दोन माणसांत काचेची भिंत उभी आहे. तातांची जीभ जड झाली होती. शब्द येत, पण ओले, ओढलेले, एकेक. गाणं त्यांनी सोडलंच. चर्चची पोरं पेटी घेऊन आली तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

मिनीबसमधून उतरून तो घरी आला तेव्हा कासोन्दे अंगणात शेंगदाणे कुटत होती. त्याला बघून तिचा हात थांबला नाही.

"सिमूकोंडा आले होते," ती म्हणाली. सिमूकोंडा चर्चचे मुख्य वडील. "रविवारी इथे अंगणात उपकारस्तुती ठेवलीय. ताता आता काठी धरून चालतात म्हणून. तुम्ही साक्ष द्यायची आहे."

"कसली साक्ष?"

"कसली म्हणजे? देवाने कसा कान दिला, तुम्ही कसे धावलात." मुसळ खाली आलं. "छान सांगता तुम्ही. दवाखान्यात सांगितलं, शेजारी सांगितलं. पाठ असेल आता."

"बाना-लुबूतो, तू मला बोलतेस, पण तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी?" तिने मुसळ बाजूला ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "माझी लाज माझी मी धुऊन वाळत घातली असती हो. चार दिवस बायका बोलल्या असत्या, पाचव्या दिवशी दुसरं काही मिळालं असतं त्यांना. पण तुम्ही ती मला धुऊ दिली नाहीत. आता ती माझ्या अंगावरच सडतेय. तातांना वाटतं मी शरमेने बघत नाही. मला वाटतं ते रागाने बघत नाहीत. आणि दोघांच्या मधे तुम्ही, देवाने कान दिलेले!" मग जराशाने, दाण्यांकडे बघत, "खोलीत जा तुमच्या. वीज आलीय."

तो गेला. काय सांगावं, तो गेलाच. कारण गेले कित्येक दिवस तो एकच गोष्ट करत आला होता, आणि ती त्या खोलीतच करता येत होती. तेच विमान, तोच डावीकडचा वारा, तीच धावपट्टी दहा. कानात कुणी नाही, मागे कुणी नाही. पाचशे फुटांपर्यंत यायचं, ती दारात आली होती तिथवर, आणि मोठ्याने म्हणायचं, ‘गो-अराउंड’. दांडा पुढे. इंजिनं गर्जतात, नाक वर उठतं, धावपट्टी पोटाखालून निघून जाते आणि समोर नुसतं आभाळ राहतं. त्या क्षणी, फक्त त्या एका क्षणी, छातीवरचं ओझं सुटल्यासारखं होई. उठलो. हाक ऐकली आणि उठलो. मग वळून पुन्हा यायचं, पुन्हा उठायचं. महिनाभरात तो एकदाही उतरला नव्हता. सुरुवातीला त्याला वाटलं हे प्रायश्चित्त आहे. माणसं उपास करतात, गुडघ्यांवर चालतात, तसं. हात इतका तयार झाला होता की डोळे मिटून वर उठता आलं असतं. पलीकडच्या खोलीतून कासोन्देला ते नुसतं गर्जताना ऐकू येई, कधी टेकताना नाही, आणि एकदा तिने दारातूनच विचारलं होतं, "आता कुणासाठी उठताय?"

शनिवारी सकाळी त्याने तातांना अंघोळ घातली. ते काम आता त्याचं होतं, आणि तो ते मनापासून करी. कोमट पाणी, पाठीला साबण, सुरकुतलेली बगल, लाकूड तासून तासून एका खांद्याला आलेला बाक. मग त्यांना अंगणात आंब्याखाली खुर्चीवर बसवलं, काठी हाताशी ठेवली, आणि म्हणाला, "ऊन आलं की हाक मारा, आत नेतो." ताता मान हलवून हो म्हणाले. कासोन्दे बाजाराला गेली. वीज होती. तो खोलीत गेला. उद्याच्या साक्षीचा विचार डोक्यात नको म्हणून गेला. आला, उठला. आला, उठला. एकदा वारा बदलून बघितला, एकदा ढग खाली आणून बघितले, ढगातून धावपट्टी दिसण्याआधीच उठणं अवघड, ते जमलं तेव्हा तर स्वतःशीच हसला. किती वेळ गेला हे त्याला कळलं नाही. वीज गेली, पडदे काळे झाले, आणि त्या एकदम आलेल्या शांततेत त्याला आठवण झाली.

सावली आंब्याच्या बुंध्यापलीकडे कधीच सरकून गेली होती. ताता उन्हात बसले होते. ऑक्टोबरच्या, भर दुपारच्या, न्दोलाच्या उन्हात, कुणी ठेवलेल्या भांड्यासारखे. सदरा अंगाला चिकटला होता, ओघळलेल्या ओठांच्या कोपऱ्याला पांढरं सुकलं होतं. काठी तशीच हाताशी. गर्शोमने त्यांना उचलून आत आणलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, घोट घोट पाणी पाजलं, आणि घाईघाईत अर्धं त्यांच्या छातीवर सांडलं.

"हाक का नाही मारलीत ताता? का नाही मारलीत?"

तातांनी पाणी गिळलं. एकेक शब्द जिभेवरून ओढत आणल्यासारखा आला.

"तू... वर... होतास."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर गर्शोमने तो धरून ठेवला असता, त्याला टेकून कसाबसा उभा राहिला असता. ते नुसतं सांगत होते, पाऊस येतोय किंवा मीठ संपलंय असं सांगावं तसं. ते शिकले होते. या घरात हाक कशी मारायची नाही, हे त्या म्हाताऱ्या माणसाने या वयात शिकून घेतलं होतं, आणि शिकवणारा तो होता. गर्शोम जमिनीवर बसला. त्याला कळलं की तो इतके दिवस ज्याला प्रायश्चित्त समजत होता ती त्याच खोलीची आणखी एक भिंत होती. चुकीच्या आकाशात तो हजारदा उठला असता तरी अंगणात ऊन तसंच सरकत राहिलं असतं.

रविवारी अंगण भरून गेलं. चर्चच्या बायका पांढऱ्या सदऱ्यांत, लाल पट्ट्यांत, पुरुष घरोघरच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन, पोरं आंब्यावर. चुलीवर मक्याच्या पिठाच्या घट्ट न्शिमाची मोठी पातेली आणि भोपळ्याच्या पानांची भाजी शिजत होती. वेबीसुद्धा आला होता, टाय लावून, आणि भेटेल त्याला ‘हा आमचा कॅप्टन’ असं सांगत होता. ताता मधोमध खुर्चीवर होते. कासोन्दे चुलीपाशी, धुराच्या पलीकडे, पाठ करून. पाळक बोलले, प्रार्थना झाली, आणि सिमूकोंडा उठले. ते प्रेमळ गृहस्थ होते आणि प्रेमळ माणसाचा आवाज जितका मोठा असतो तितका त्यांचा होता.

"बंधूंनो, आयांनो! आजकालची पोरं कानात यंत्रं घालून बसतात. बाप ओरडून ओरडून मरेल, पत्ता नाही. पण देवाने या घरात एक कान उघडा ठेवला होता! चितुंडूंचा मुलगा सांगेल. ऊठ बाबा, सांग. लाजू नकोस."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. गर्शोम उठला. साक्ष खरंच पाठ होती. ‘मी मागच्या खोलीत होतो, तातांची हाक ऐकली...’ तेवढं तो बोललाही, आणि मंडळीतून ‘आमेन’ आलं, आणि पुढचं वाक्य तोंडात हजर होतं, नुसतं सोडायचं होतं. तातांकडे बघवेना म्हणून त्याने चुलीकडे बघितलं. धुरातून कासोन्देची पाठ दिसत होती, आणि ती पाठ ऐकत होती.

"हाक ऐकली," तो म्हणाला, "आणि गेलो नाही."

आमेन म्हणायला उघडलेली काही तोंडं तशीच राहिली.

"मी खेळत होतो. विमान उतरवत होतो. खोटं विमान. बाना-लुबूतो मला बोलवायला आली, तीनदा आली. मी म्हणालो, उतरू दे. म्हणालो, मागे लोक आहेत..." त्याचा आवाज फाटला. वेबीने टाय सैल केला. सिमूकोंडांच्या चेहऱ्यावर भीती आली, अशी भीती की आता हा पोरगा सगळ्यांच्या समोर उघडा पडणार. आणि त्यांनी बायकांकडे बघून हनुवटी हलवली. त्यांच्या चर्चची ही जुनी रीत. साक्ष देणारा रडायला लागला, अडखळला, बोलू नये ते बोलायला लागला, तर बायका गीत उचलतात, आणि त्याच्या शब्दांवर सूर पांघरतात, आणि तो खाली बसतो, आणि नंतर कुणी काही विचारत नाही. दया असते ती. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईने गीत उचललं, बाकीच्यांनी धरलं, टाळ्या जुळल्या, क्षणात अंगण सुराने भरून गेलं, आणि गर्शोमचे ओठ हलत राहिले पण त्याचं त्यालाच काही ऐकू येईना. खाली बसावं. सगळे डोळ्यांनी हेच सांगत होते, बस बाळ, झालं. त्याचे गुडघे वाकलेसुद्धा. किती सोपं होतं!

मग तातांचा डावा हात वर गेला. गीत धरणाऱ्याचा हात. तो वर जाऊन मूठ मिटली की गीत तिथेच, शब्दाच्या मधोमध थांबायचं, ही त्या मंडळीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असलेली खूण. मूठ मिटली. गीत थांबलं. आंब्यावरची पोरंही गप्प झाली. ताता मुलाकडे बघत नव्हते, समोर बघत होते, पण हात त्यांनी खाली घेतला नाही. तो हवेत तसाच राहिला, म्हातारपणाने किंचित हलत, आणि गर्शोमला समजलं की तो पूर्ण सांगेपर्यंत तो खाली येणार नाही.

त्याने सांगितलं. दवाखान्यातलं सांगितलं. न्हाणीत आधी कोण गेलं ते सांगितलं, मिटलेले डोळे, कपाळावरचा वळ, सोडलेलं चितेंगे. बायकांमध्ये एक श्वास आत ओढला गेला. "मी गेलो तेव्हा सगळं झालं होतं," तो म्हणाला. "मी कुणालाही वाचवलं नाही. तिने वाचवलं. आणि मग मी तिला गप्प बसवलं." आता बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला. कुणी आमेन म्हटलं नाही. इतक्या माणसांच्या मधे इतकं उघडं त्याला कधीच वाटलं नव्हतं, आणि अंगावर घ्यायला काही नव्हतं.

तातांनी हात खाली घेतला. काठीला धरून ते उठू लागले. दोघंतिघं पुढे झाले, त्यांना त्यांनी कोपराने दूर केलं. ते चुलीकडे वळले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे तोंड केलं, आणि ओघळलेल्या ओठांनी, जड जिभेने, सुराला कुठे कुठे ओरबाडत, गायला लागले.

"बाना-लुबूतो... आत... आली."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. असं गीत कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण गीत धरणाऱ्याने ओळ टाकली की ती झेलावी लागते, ती न झेलता सोडता येत नाही. पहिल्या रांगेतल्या म्हातारीने झेलली, आधी चाचरत. बाना-लुबूतो आत आली. मग दुसरीने. मग सिमूकोंडांनी, त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, डोळे पुसत. तातांनी पुन्हा तीच ओळ टाकली, या वेळी थोडी वर, आणि सगळं अंगण ती घेऊन उठलं. कासोन्दे तशीच उभी होती, हातात उलथणं, आणि तिची पाठ हलत होती. मग ती वळली. तिने खाली बघितलं नाही. सासरा आणि सून भर मंडळीत एकमेकांकडे बघत होते, आणि मधे कुणी नव्हतं.

गर्शोमचं नाव त्या गीतात कुठेच आलं नाही. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. तो अंगणाच्या मधोमध उभा होता, चेहरा ओला, हात दोन्हीकडे लोंबत. ओळ तिसऱ्यांदा आली. त्याने तोंड उघडलं, आवाज आला नाही. चौथ्या वेळी तो सगळ्यांच्या मागून, एका ठोक्याने उशिरा, तिचं नाव गाऊ लागला.